मदत हवी आहे: कॅम्पर ट्रेलरमधला फ्रिज पहाटे बंद पडतो. सोलर पॅनेल वाढवू की आधी वायरिंग बदलू?

नमस्कार,

जरा सविस्तर लिहिते आहे, कारण अर्धवट माहितीवर कोणी काय सांगणार!

आमच्याकडे सेकंडहँड घेतलेला, पक्क्या छताचा एक जुना कॅम्पर ट्रेलर आहे. आई आमच्याबरोबर असते आणि ती इन्सुलिन घेते. न उघडलेली पेनं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. जास्त गरम चालत नाही आणि गोठलं तर ते इन्सुलिन बादच. त्यामुळे या ट्रेलरमध्ये माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे फ्रिज. बाकी सगळं नंतर.

होतं असं की घरून निघताना बॅटरी मेन्सच्या चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरलेली असते. दिवसभर फ्रिज व्यवस्थित चालतो. पहिल्याच रात्री तीन-साडेतीनच्या सुमाराला त्याचा लाल दिवा लुकलुकायला लागतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. मागच्या खेपेला मला जाग आली सहाला, तोवर आतलं तापमान १३ अंशांवर गेलेलं. पेनं टाकावी लागली नाहीत, डॉक्टरांनी तीच आधी वापरून संपवायला सांगितली. पण त्यानंतर मी मुक्कामात एकही रात्र सलग झोपलेले नाही. दर दोन तासांनी उठून थर्मामीटर बघते.

ट्रेलरमध्ये सध्या जे आहे ते असं. पुढच्या डब्यात १०० एएचची (अँपिअर-तासांची) एजीएम बॅटरी, म्हणजे सीलबंद लेड-ॲसिड, दोन वर्षांची. छतावर आधीच्या मालकाने सपाट बसवलेलं १०० वॅटचं एक पॅनेल आणि त्याला साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणारा). फ्रिज मागच्या कोपऱ्यात, १२ व्होल्टचा, कॉम्प्रेसरवाला, चालू असताना ५ अँपिअर घेतो. त्याची वायर मुळात मागच्या दिव्यासाठी ओढलेली आहे, तिच्यावर दीड स्क्वेअर (चौरस मिलिमीटर जाडी) छापलंय, लांबी सहा मीटर भरते. निगेटिव्हची वेगळी वायर नाहीच, फ्रिजजवळ एक बोल्ट चॅसीला (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला) मारलाय आणि बॅटरीजवळ दुसरा.

रोजचा हिशेब मांडून पाहिला. फ्रिजचा कॉम्प्रेसर दिवसातला साधारण एक तृतीयांश वेळ चालतो असं धरलं तर ६० वॅट गुणिले ८ तास, म्हणजे ४८० वॅट-तास. छताचा पंखा २० वॅटचा, सहा तास, १२० वॅट-तास. तीन-तीन वॅटचे चार एलईडी दिवे चार तास, ४८. पाण्याचा पंप आणि फोन मिळून ४५ धरा. एकूण ७०० च्या आसपास. पॅनेल सपाट असल्यामुळे चांगल्या उन्हातही ३००-३५० च्या वर काही देत नसावं.

म्हणून मनात आहे की १०० वॅटची आणखी दोन पॅनेलं घ्यावीत, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्त वीज काढणारा) घ्यावा आणि एजीएम काढून लिथियम बसवावी. त्याच झटक्यात आईच्या पलंगाजवळ वाचायचा दिवा, दोन यूएसबी पॉइंट आणि लॅपटॉपसाठी छोटा इन्व्हर्टर. दोन इलेक्ट्रिशियनना विचारलं. दोघांनीही काही न मोजता "बॅटरी गेली, बदला" असं सांगितलं. पण चार्जर काढून एक दिवस तशीच ठेवली तर ती १२.८ व्होल्ट दाखवते. मग गेली कशी?

मल्टिमीटर आहे, तो वापरता येतो. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) मारायचा पाना नाही, पण घेईन. सुरुवात कुठून करू ते सांगा.

प्रतिसाद १

ताई, अजून काहीही विकत घेऊ नका.

तुमच्याच आकड्यांवरून बघा. संध्याकाळी सात ते पहाटे तीन, म्हणजे आठ तास. फ्रिज १६० वॅट-तास, पंखा १२०, दिवे ४८. सगळं मिळून ३३० च्या आत, म्हणजे २७ एएच. भरलेल्या १०० एएच बॅटरीतून एवढं गेलं तरी सत्तरच्या वर शिल्लक राहायला हवं. बॅटरीत वीज आहे, ती फ्रिजपर्यंत पोचत नाहीये असा माझा अंदाज आहे.

रात्रीच का, तर दिवसा पॅनेलमुळे बॅटरीच्या टोकांवर १३ च्या वर व्होल्टेज असतं. वाटेत व्होल्ट-सव्वा व्होल्ट गळालं तरी फ्रिजला पुरतं. रात्री लोडवर बॅटरी १२.३-१२.४ वर येते. त्यातून तेवढंच गेलं की फ्रिजच्या दारात ११ च उरतात. या फ्रिजमध्ये बॅटरी वाचवायची सेटिंग असते, बहुतेकांत तीन पातळ्यांची. सगळ्यात वरच्या पातळीवर असेल तर ११ च्या आसपास तो स्वतःहून बंद होतो.

कॉम्प्रेसर चालू असताना मोजा, बंद असताना मोजलेल्याला अर्थ नाही. आधी बॅटरीच्या टोकांवर, मग फ्रिजच्या प्लगवर. त्यानंतर लांब वायर जोडून मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं फ्रिजच्या पॉझिटिव्हला लावा. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज त्या वाटेत जातंय. तसंच निगेटिव्हच्या बाजूने.

धागाकर्ती

मोजलं. रात्री नऊला, पॅनेल काढून, कॉम्प्रेसर चालू असताना.

बॅटरीवर १२.४. फ्रिजवर ११.२. पॉझिटिव्हच्या वाटेत ०.५ आणि निगेटिव्हच्या वाटेत ०.७.

निगेटिव्हमध्ये जास्त जातंय हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं, चॅसी म्हणजे केवढं जाड लोखंड! मग फ्रिजजवळचा बोल्ट उघडला. वॉशरखाली रंग तसाच आहे आणि रंगाखाली गंज. जेमतेम एका कडेला धातू धातूला टेकत होता. सेटिंगही वरच्याच पातळीवर निघाली.

प्रतिसाद १

सापडला चोर. पॉझिटिव्हच्या ०.५ मधले ०.४ तर निव्वळ वायरचे आहेत. दीड स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण १३ मिलिओहम, गुणिले ६ मीटर, गुणिले ५ अँपिअर. कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी करंट याहून जास्त असतो, म्हणून नेमका सुरू होताना तो मान टाकतो. वॉशरखालचा रंग खरवडून तात्पुरतं भागेल. पण चॅसीवर भरवसा ठेवू नका, ट्रेलर खालून कायम ओला होतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी पूर्ण सहमत. फ्रिजसाठी बॅटरीपासून स्वतंत्र ६ स्क्वेअरची जोडी ओढा, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही. बारीक तारांची मऊ वायर घ्या. घरातल्या भिंतीत घालतात ती एकाच जाड तारेची नको, ट्रेलरच्या हादऱ्यांनी ती तुटते. जाऊन-येऊन १२ मीटर वायर झाली तरी ५ अँपिअरला फक्त ०.२ व्होल्ट जातील.

थिंबल दाबूनच बसवा. सोल्डर केलेला जोड हादऱ्यांत सोल्डर संपतं तिथे मोडतो, मी स्वतः असे दोन काढलेत. आणि फ्यूज बॅटरीला लागून हवा, १५ अँपिअरचा. पुष्कळ लोक तो उपकरणाजवळ बसवतात. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. मधेच कुठे वायर सोलली गेली आणि फ्यूज पलीकडच्या टोकाला असेल तर बॅटरी सगळा जोर त्या वायरीतून काढेल, आणि तुम्ही सगळे आत झोपलेले असाल.

फ्रिज सिगारेट लायटरच्या सॉकेटवर असेल तर तोही काढून टाका. त्याचा कॉन्टॅक्ट स्प्रिंगवर असतो, तापतो आणि ढिला पडतो.

बॅटरी वाचवायची सेटिंग मात्र वायर बदलल्यावरच खाली आणा. आत्ता आणलीत तर फ्रिज चालेल, पण दुखणं झाकलं जाईल.

प्रतिसाद ३

फ्रिजचं निस्तरलं तरी तुमचा ७०० वॅट-तासांचा हिशेब चुकत नाही. एक पॅनेल कमीच पडणार आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते जाणवेल. पण घाई नको.

आधी कंट्रोलर बदला. १०० वॅटचं पॅनेल साधारण १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम ते पॅनेल थेट बॅटरीला जोडल्यासारखं चालवतो, त्यामुळे १३ व्होल्टला साडेपाच अँपिअर, म्हणजे ७२ वॅटच मिळतात. एमपीपीटी वरचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून देतो. कडक उन्हात पॅनेल तापून त्याचं व्होल्टेज उतरतं, तेव्हा हा फरक कमी होतो, एवढं लक्षात असू द्या. तीन पॅनेलं करणार असाल तर ३०० वॅट भागिले १३ म्हणजे २३ अँपिअर होतात, ३० अँपिअरचा कंट्रोलर आत्ताच घ्या.

लिथियम चांगली, पण ती एकटी येत नाही. जुन्या मेन्स चार्जरमध्ये लिथियमची सोय आहे का ते पाहा. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, तशी रोखणारी बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) आहे का ते विचारून घ्या. ओढणाऱ्या गाडीवरून चार्ज करणार असाल तर मधे करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. रिकामी लिथियम मिळेल तेवढा करंट खेचते, त्याने अल्टरनेटर आणि प्लगची बारीक वायर दोन्ही तापतात. तुमची एजीएम धडधाकट दिसतेय. निम्म्याच्या खाली न नेता ती वापरा, मरेल तेव्हा बदला.

वजनाचंही बघा. १०० एएचची एजीएम तीसेक किलोची, लिथियम त्याच्या निम्म्याहून कमी. पुढच्या डब्यातून इतकं वजन काढलं आणि छतावर पॅनेलं चढवली की हुकवरचा भार बदलतो. पुढून हलका झालेला ट्रेलर वेगात डोलायला लागतो. काहीही हलवलंत की हुकवरचा भार पुन्हा मोजा.

प्रतिसाद ४

माझं मत थोडं वेगळं आहे. आईंना घेऊन जाता म्हणजे ट्रेलर सावलीतच लावत असणार. छतावरच्या पॅनेलवर एका फांदीची सावली पडली तरी उत्पादन निम्म्याहून खाली येऊ शकतं. दुसरं पॅनेल छतावर न बसवता दहा मीटर वायरीसह सुटं ठेवा, ट्रेलर सावलीत आणि पॅनेल उन्हात. सूर्याकडे तिरकं करता येतं, त्याचाही फायदा. ही वायरसुद्धा ६ स्क्वेअरचीच.

इन्व्हर्टर लॅपटॉपपुरता असेल तर टाळा. काही न जोडता नुसता चालू राहिला तरी तो थोडा थोडा करंट खातच असतो. १२ व्होल्टवर चालणारा यूएसबी-सी चार्जर मिळतो, त्यावर बहुतेक नवे लॅपटॉप चार्ज होतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. या आठवड्यात एवढं झालं:

६ स्क्वेअरची जोडी ओढली. थिंबल पान्याने दाबले. पहिले तीन नीट बसले नाहीत, ओढल्यावर निघाले, ते कापून पुन्हा केले. प्रत्येक थिंबल जोर लावून ओढून बघायचा हे त्यातून कळलं. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. आता कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर १२.४ आणि फ्रिजवर १२.२.

दारातच ट्रेलर उभा करून, पॅनेल झाकून दोन रात्री आत झोपलो. दोन्ही रात्री फ्रिज थांबला नाही. आतलं तापमान ४ ते ६ मध्ये राहिलं. पहिल्या रात्री सवयीने दोनदा उठले, दुसऱ्या रात्री उठले नाही.

आईचा दिवा आणि यूएसबी जुन्या लाइनवर घेतले, आता तिच्यावर फ्रिजचा भार नाही. त्यालाही ५ अँपिअरचा फ्यूज लावलाय. इन्व्हर्टर रद्द. एमपीपीटी ३० अँपिअरचा मागवलाय आणि एक पॅनेल सुटं घेतेय. तिसऱ्याचं नंतर बघू.

आता एकच शंका. सुट्या पॅनेलची वायर आत घ्यायला छताला भोक पाडू की बाजूला? आणि कंट्रोलर बदलताना आधी काय काढायचं?

प्रतिसाद २

छताला नाही. बाजूच्या पत्र्याला, डब्याच्या खालच्या भागात भोक पाडून झाकणाचा बाहेरचा सॉकेट बसवा. भोकाच्या कडेला सीलंट, आणि आत वायरला खाली झोकलेला एक वळसा द्या. पाणी शिरलंच तर ते वळशाच्या तळाशी टपकेल, कंट्रोलरपर्यंत वाहत जाणार नाही.

काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना उलट: आधी बॅटरी, म्हणजे नवा कंट्रोलर १२ व्होल्टची सिस्टिम ओळखेल, मग पॅनेल. पॅनेल काढताना त्यावर जाड चादर टाका, उन्हात ते कायम जिवंत असतं. आणि चालू करण्याआधी कंट्रोलरमध्ये एजीएमचं सेटिंग निवडायला विसरू नका. काही कंट्रोलर लिथियमवर सेट होऊन येतात.