मी 'पार्क' म्हणतो, त्यांना 'बार्क' ऐकू येतं

पुणेरी_चहा: काल कॉलवर तीनदा 'पार्क' म्हटलं, लंडनच्या क्लायंटला तिन्ही वेळा 'बार्क'च ऐकू आलं, शेवटी चॅटमध्ये टाइप केलं बाबा. चुकतंय कुठे?

खान्देशी_मिरची: अरे आपला प कोरडा. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, क ला हवेचा झोत लागतो, तो नसला की त्यांना ब वाटतो. तोंडासमोर कागद धर, हलला पाहिजे. 'स्पार्क'मध्ये मात्र झोत नसतो, तिथे आपला प बिनधास्त चालतो.

सांगलीची_ताई: मग सरळ फ म्हणायचा? आणि माझं वेस्ट-व्हेस्ट एकच होतं त्याचं काय?

खान्देशी_मिरची: ताई, ओठ मिटून म्हटलेला जुना फळातला फ चालेल, हल्लीचा एफवाला नको. व्हेस्टला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, वेस्टला शिट्टीसारखे ओठ गोल, दात लावायचेच नाहीत.

पुणेरी_चहा: कागद हलला! बायको हसतीये पण.