मदत हवी आहे: जुनी बीएमडब्ल्यू ३२०डी, रविवारच्या आत टोकन द्यायचंय

घाटवेडा
नमस्कार मंडळी. वापरलेली ३२०डी बघून आलोय. पांढरी, स्पोर्ट लाइन, बाहेरून एक ओरखडा नाही. डीलर साडेनऊ लाख सांगतोय. रविवारी दुसरी पार्टी येणार आहे, त्याआधी पन्नास हजार टोकन द्या म्हणतो. साडेनऊ बरोबर आहेत का आणि अजून किती पाडता येतील, एवढंच सांगा. पाच वर्षं डोक्यात हीच गाडी आहे, त्यामुळे "मेंटेनन्स परवडणार नाही" हे कृपया कोणी लिहू नका. ते घरी रोज ऐकतोय. जरा लवकर सांगा.

तेलाचे_हात
वर्ष? किलोमीटर? पासिंग कुठलं? मालक कितवा? यातलं काहीच लिहिलेलं नाही. रंगावरून किंमत कशी सांगणार?

सह्याद्रीपुत्र
स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस बघा. माझ्याकडे २०१७ ची आरएस २३० आहे. २३० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), पेट्रोल, डिकी एवढी मोठी की चार जणांचं सामान आरामात बसतं. स्पोर्ट्स सेदान म्हणून यापेक्षा शहाणा पर्याय आपल्याकडे आलाच नाही.

घाटवेडा
@तेलाचे_हात २०१६ ची आहे, ६२ हजार झालीय, फर्स्ट ओनर. गाडी वाकडला उभी आहे.
@सह्याद्रीपुत्र धन्यवाद, पण मला मागच्या चाकांवर चालणारीच गाडी हवीय.

तेलाचे_हात
पासिंग कुठलं ते अजूनही सांगितलं नाहीत.

घाटवेडा
डीएल, म्हणजे दिल्लीचं. त्याने काय फरक पडतो? एनओसी (ना-हरकत दाखला) काढून देतो म्हणालाय.

कागदपत्र_काका
फरक पडतो, आणि सगळा त्यानेच पडतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घातली गेली. हरित लवादाचा आदेश २०१५ चा, सर्वोच्च न्यायालयाने तो २०१८ मध्ये कायम केला; २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने बीएस-४ आणि त्यापुढच्या प्रदूषण-मानकांच्या गाड्यांवरची कारवाई थांबवली, पण धास्ती गेलेली नाही. तेव्हापासून तिथली डिझेल गाडी दहाव्या वर्षाच्या तोंडाशी आली की मालक मिळेल त्या भावात काढतो आणि ती पुण्या-नाशिकला येते. तुमची गाडी स्वस्त दिसतेय त्याचं कारण हे.

आता महाराष्ट्रात आणायची म्हणजे दिल्लीच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), नवीन नंबरसाठी फॉर्म २७, नावावर करायला २९ आणि ३०, आणि कर्ज असेल तर बोजा उतरवायला ३५. शिवाय रोड टॅक्स. डिझेल, नवी असताना वीस लाखांच्या वरची, म्हणजे दर १५ टक्के. तुम्ही देताय त्या साडेनऊ लाखांवर १५ टक्के नव्हे, नव्या गाडीच्या मूळ बिलावर. वयाप्रमाणे त्यातून सूट मिळते, तरी आकडा लाखांतच राहतो. तो साडेनऊमध्ये धरलाय का, हे डीलरला आधी विचारा.

नवीनच_आलोय
दिल्लीत भरलेला टॅक्स परत मिळतो ना पण?

कागदपत्र_काका
मागता येतो. त्याचा अर्ज वेगळा, पाठपुरावा वेगळा. मिळेल असं धरून आज व्यवहार करू नका, मिळाला तर वरचा समजा.

पिंपळेकर
चॉइस नंबर घेणार असाल तर पासिंगच्या वेळीच अर्ज करा. मी माझ्या गाडीला हवा तो नंबर घेतला, ऑनलाइन पैसे भरले, चार दिवसांत काम झालं.

घाटवेडा
नंबरचं नंतर बघू. टॅक्स डीलरने धरलेला नाही, आत्ताच फोन करून विचारलं. "तुमचं तुम्ही" म्हणाला. आणि आरसीवर मालक म्हणून एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नाव आहे, हे मी कालपर्यंत नीट बघितलंच नव्हतं. चालतं ना?

कागदपत्र_काका
चालतं. कंपनीच्या ठरावाची प्रत आणि फॉर्मांवर अधिकृत सही-शिक्का हवा. तो दिल्लीत, तुम्ही पुण्यात. टोकन देण्याआधी हे कागद हातात घ्या, "पाठवतो"वर जाऊ नका. तुम्ही स्वतःच्या नावावर घ्या. इथे कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्स २० टक्क्यांनी.

जिगरबाज_नगरकर
सगळे कागदांवर बोलताय, इंजिनावर कोणीच नाही. ३२०डी मधलं एन४७ इंजिन म्हणजे टायमिंग चेनची (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारी साखळी) डोकेदुखी. ती पुढे नसते, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला असते. खराब झाली की गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, आणि तुटली तर इंजिनच गेलं. माझ्या चुलतभावाचं झालं. दूर राहा.

तेलाचे_हात
२०१६ ला एन४७ कुठून येईल? फेसलिफ्ट (त्याच गाडीचं सुधारलेलं रूप) आपल्याकडे जानेवारी २०१६ मध्ये आली, तिच्यात बी४७ आहे. एन४७ ची ताकद १८४ पीएस, बी४७ ची १९०. दोन वेगळी इंजिनं आहेत, एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारू नका.

जिगरबाज_नगरकर
बी४७ ची चेनसुद्धा मागेच आहे. आणि २०१६ हे रजिस्ट्रेशनचं वर्ष, बनवल्याचं कशावरून? २०१५ ची गोडाऊनमध्ये पडलेली गाडी २०१६ ला खपवलेली असू शकते.

तेलाचे_हात
हा मुद्दा बरोबर. धागाकर्ते, आरसीवर बनावटीचा महिना-वर्ष असतो, तो बघा. पुढचे दिवे झेनॉन असतील तर जुनं मॉडेल, पूर्ण एलईडी असतील तर फेसलिफ्ट. बी४७ ची चेन मागे आहे हे खरं, पण माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत एन४७ इतका त्रास मी पाहिला नाही. वेळेवर तेल बदललेलं असलं पाहिजे, ही अट मात्र आहे.

मनवाची_आई
घरात लहान मूल आहे का? मागे आयसोफिक्स (मुलाची सीट अडकवायचे हूक) आहे का ते बघून घ्या. आणि मधल्या जागेत खाली उंचवटा येतो, तिसरा माणूस मागे नीट बसत नाही. आम्ही हे न बघता एक गाडी घेतली होती, सासूबाईंना प्रत्येक प्रवासात त्रास झाला.

सह्याद्रीपुत्र
म्हणून म्हणतो, ऑक्टाव्हिया.

वळणावर_भेटू
सह्याद्रीपुत्र, आरएस चांगली गाडी आहे, पण ती पुढच्या चाकांवर ओढली जाते, दोन्हींची तुलनाच नको. मी सात वर्षं एफ३० (३ सिरीजची हीच पिढी) चालवतोय. पावसाळ्यात ताम्हिणीला वळणातून बाहेर पडताना हलका पाय दिला की गाडी मागून ढकलते आणि स्टिअरिंग हातात मोकळं राहतं, ते ज्याने अनुभवलं त्याला आकडे सांगून उपयोग नाही. पुढे-मागे वजन जवळपास सारखं वाटलेलं आहे, त्याचा हा परिणाम. धागाकर्त्यांना हीच गाडी का हवीय हे मला पूर्ण कळतं.

पण रस्त्यांचं बोला. तिला रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) येतात, भिंती कडक असतात, खड्डा थेट कण्यात जातो. माझी दोन अलॉय व्हील औंधच्या एका खड्ड्यात वाकली. चार रनफ्लॅट बदलायला गेल्या वेळी मला लाखाच्या आसपास खर्च आला.

पिंपळेकर
औंधचा कुठला खड्डा? परिहार चौकाकडे जाताना डाव्या हाताला? त्यात माझी दुचाकी गेली होती. तक्रार केली, बुजवला, पुढच्या पावसात परत तिथेच.

नवीनच_आलोय
साधे टायर टाकले तर नाही का चालत?

वळणावर_भेटू
चालतात, गाडी मऊही होते. मग स्टेपनी किंवा पंक्चर किट सोबत ठेवावं लागतं.

घाटवेडा
खड्डे राहू द्या हो. बनावट मार्च २०१६, दिवे एलईडी, म्हणजे बी४७ ना? आता फक्त सांगा, शनिवारी जाऊन काय बघू? माझा नेहमीचा मेकॅनिक स्विफ्ट-वॅगनआरवाला आहे, तो म्हणतो याला मी हात लावणार नाही.

तेलाचे_हात
हो, बी४७. आता नीट वाचा.

सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी डीलरला बजावून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. चेनचा आवाज थंड इंजिनात पहिल्या काही सेकंदांत येतो, मागच्या बाजूने, डबीत खिळे हलवल्यासारखा. गरम इंजिनात तो लपतो. गेल्या गेल्या आधी बॉनेटवर तळहात ठेवा, मग चावी मागा.

६२ हजारांवर आंधळा विश्वास नको. दहा वर्षांत ६२ म्हणजे वर्षाला सहा, कंपनीच्या गाडीला ते फारच कमी आहे. मीटर मागे घेता येतो, पण या गाडीच्या चावीतही किलोमीटरची नोंद होत असते आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला ती वाचता येते. चासी नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदीही निघतात. मालकाकडून छापील हिस्ट्री मागवा. टाळाटाळ केली तर ते उत्तर समजा.

गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, आठ गिअरचा, उत्तम आहे. "आयुष्यभर तेल बदलायचं नाही" असं सांगतील, ऐकू नका. झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. फिल्टर खालच्या प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो, पूर्ण पॅन बदलावा लागतो, तो खर्च धरून ठेवा.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. चारही सारखे आहेत का बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा; मुळाशी चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात गेलेली आहे. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालाय का ते बघा. शेवटी गाडी लिफ्टवर घेऊन खालून तेलाची गळती बघायचीच.

कागदपत्र_काका
विम्याचंही लिहितो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी नावावर झाल्यावर चौदा दिवसांत पॉलिसी बदलून घ्या. आणि आरसीवरच्या नंबरवर ई-चलन बाकी आहे का ते आजच तपासा, बसल्या जागी होतं.

जिगरबाज_नगरकर
एवढं सगळं बघायचं तर नवीन क्रेटा घ्या ना.

वळणावर_भेटू
त्यांनी क्रेटा विचारलेली नाही. घाटवेडा, मी बाणेरला राहतो, माझ्याकडे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा) आहे. शनिवारी साडेसातला वाकडला येतो. डीलरला आजच फोन करा.

घाटवेडा
दादा, खरंच आभार. केला फोन. "हो हो, बंदच आहे, आठवडाभर हलली नाही" म्हणाला.

घाटवेडा (शनिवार)
आत्ता परत आलो. साडेसातला पोचलो, शटर उघडंच होतं. बॉनेटवर हात ठेवला तर गरम. नुसतं कोमट नव्हे, हात मागे घ्यावा इतकं. पोऱ्याला विचारलं तर म्हणाला, "साहेबांनी सहालाच येऊन अर्धा तास चालू ठेवली होती, बॅटरी बसलीय म्हणून."

ई-चलन दोन निघाली, रक्कम किरकोळ. पण मागच्या डाव्या सीटचं लेदर चालकाच्या सीटपेक्षा जास्त सुरकुतलेलं आहे आणि तिथला दाराचा हँडल हाताने घासून गुळगुळीत झालाय. दादा म्हणाले, ही ड्रायव्हर ठेवून फिरवलेली गाडी, मालक मागे बसायचा. त्यात वाईट काही नाही, पण असा मालक वर्षाला फक्त सहा हजार किलोमीटरवर थांबत नाही. स्कॅनर लावू दिला नाही, "वायरिंग बिघडतं" म्हणून. लिफ्टवर घ्यायलाही नकार. टोकन दिलं नाही.

डीलरला सांगितलंय, मालकाकडून सर्व्हिस हिस्ट्री आणि ठरावाची प्रत पाठवा, उद्या सकाळी गाडी थंड ठेवा, माझ्यासमोर सुरू करा, मग बोलू. तो म्हणाला दुसरी पार्टी उद्या अकराला येतेय.

तेलाचे_हात
येऊ द्या दुसरी पार्टी. चावीची नोंद वाचल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

वळणावर_भेटू
सकाळी येतो मी परत. सातला.

सह्याद्रीपुत्र
आरएसचे फोटो पाठवू का? माझ्या मित्राला त्याची विकायची आहे. एमएच १२, सेकंड ओनर, सगळ्या सर्व्हिस एकाच ठिकाणी.

घाटवेडा
@सह्याद्रीपुत्र पाठवा. किलोमीटर, पासिंगचा महिना आणि टायरचे चार आकडेही लिहा.