शिराझचा रंग निळसर, चव सपाट, पीएच ३.९

काळीमाती: तालुका दिंडोरी, दोन एकर शिराझ (रेड वाइनचं द्राक्ष), खुंट (कलमाखालचा मुळांचा वेल) डॉगरिज, भारी जमीन. एकरी ९ टन माल निघाला. फेब्रुवारीत २४ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडणी, रसाचा पीएच ३.९ (पीएच जितका जास्त, तितका आंबटपणा कमी). वाइन निळसर, तोंडात अगदी सपाट. वाइनरीवाल्यांना दमदार रेड हवी आहे. मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर) ०-०-५० हे पोटॅशचं खत दोनदा सोडलं होतं. कुठे अडतंय?

खुंटकाडी: भाऊ, उत्तर तुम्हीच शेवटी दिलंय. ०-०-५० ही खायच्या द्राक्षाची सवय. पोटॅश सालीत साठतं, आणि रेड सालीसकट आंबते. ते वाइनमध्ये उतरलं की टार्टारिक आम्लाला धरून खडे होऊन तळाशी बसतं, पीएच चढतो, रंग निळा पडतो. त्यात डॉगरिज मुळातच पोटॅश जास्त ओढतो. देठ परीक्षणात (पानाच्या देठाच्या तपासणीत) कमतरता दिसल्याशिवाय देऊच नका. ९ टनही फार झाले. दमदार रेडसाठी ४-५ वर या. गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) फुटीला एकच घड ठेवा, पाणी उतरताना मागे राहिलेले हिरवट घड काढून टाका. शेवटी पाणी कमी करा, पण वेल सुकवू नका. मणी सुरकुतला की ब्रिक्स नुसता आकड्यात वाढतो.

पिंपवाला: तळघराची बाजू सांगतो. आम्ल आंबवण्याआधी घाला, नंतर घातलेलं चवीत वेगळं टोचतं. साधारण १ ग्रॅम टार्टारिक दर लिटरला पीएच ०.१ ने उतरवतं, ३.९ वरून ३.६ ला यायला १०० लिटरला ३०० ग्रॅम. तापमान २५-२८ अंश, वर आलेला सालींचा थर दिवसातून तीनदा दाबायचा. थर कोरडा राहिला की व्हिनेगरचा वास आलाच म्हणून समजा. पीएच ३.९ ला वाइन टिकवायला घातलेलं सल्फरही लुळं पडतं: ३.५ ला मोकळं २५ पीपीएम जे काम करतं, त्याला इथे ६० च्या वर लागतं.

खुंटकाडी: पिंपवाले, ३०० ग्रॅमचा हिशेब पोटॅश भरलेल्या रसाला पुरत नाही, पीएच हटत नाही. आधी एक लिटरवर चाचणी घ्या, चाखून बघा. आंबट लागायला लागली तर ३.७ वर थांबा.

काळीमाती: मग पुढच्या हंगामात तोडणी कशावर ठरवू?

पिंपवाला: ब्रिक्स, पीएच आणि बी, तिन्हीवर. बी तपकिरी हवी, दाताखाली कडकन फुटायला हवी. हिरवी असेल तर तुरटपणा कच्चा उतरतो. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात साखर धावते आणि बी मागे राहते, म्हणून शेवटचे दिवस एक दिवसाआड नमुना घ्या, आणि तोही सगळ्या ओळींतून. बांधाकडचेच चार घड तोडून निकाल लावू नका.