सासऱ्यांचं पहाटेचं चालणं आणि हवेचा आकडा – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं घर वाहत्या रस्त्याला लागून, दुसऱ्या मजल्यावर आहे. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि ते उजाडायच्या आत बाहेर पडतात. पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध, यावर ते ठाम. पण थंडी पडल्यापासून ॲपवर पीएम २.५ (हवेतले अतिबारीक कण) नेमकं त्याच वेळी सर्वांत जास्त असतं आणि दुपारी उतरतं. मुलाला दमा आहे, त्याचा रात्रीचा खोकलाही याच दिवसांत बळावतो.

हे आकडे खरे मानायचे का? दुसरं ॲप त्याच वेळी हवेच्या गुणवत्तेचा वेगळाच निर्देशांक दाखवतं. किती आकडा झाला की बाबांना थांबवायचं? खिडक्या लावल्या की घर कोंदट होतं, उघडल्या की काळी पूड आत. एअर प्युरिफायर घ्यायचा विचार आहे. विक्रेता आयोनायझरवाला (हवेत विद्युतभारित कण सोडणारा) घ्या म्हणून मागे लागलाय. (घरात झाडं लावा, हे ऐकून झालंय. कुंडीतल्या चार रोपांनी धूलिकण हटत नाहीत, एवढं वाचलंय.)

निवांत:
ॲपचं बरोबर आहे, बाबांचं चुकतंय. थंडीत रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर उबदार थर राहतो. भांड्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच अडकतो. उन्हं चढली की हवा वरखाली होऊन तो विरतो. उन्हाळ्यात मात्र दुपारी जमिनीलगत ओझोन (श्वासाला त्रासदायक वायू) वाढतो, तेव्हा हा हिशोब उलटा.

चालणं बंद करू नका, वेळ आणि रस्ता बदला. ऊन वर आल्यावर, हमरस्ता सोडून आतल्या गल्लीतून किंवा बागेतून. लोकांना प्रदूषण म्हटलं की फक्त फुफ्फुसं आठवतात. पण बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंत निम्म्याहून जास्त हृदयविकार आणि पक्षाघाताचे असतात. बारीक कण फुफ्फुसात खोलवर जाऊन दाह वाढवतात, त्याचा ताण रक्तवाहिन्यांवर येतो. हे बाबांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडूनच ऐकवा. सुनेपेक्षा डॉक्टरांचं लवकर पटतं.

थांबवायचा ठरावीक आकडा मी देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा पीएम २.५ साठी २४ तासांच्या सरासरीला १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ती धरून बसलात तर कित्येक शहरांत हिवाळाभर घराबाहेरच पडायला नको. छातीत जड वाटलं किंवा नेहमीपेक्षा लवकर दम लागला तर मात्र आकडा न बघता थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

शंकेखोर:
दोन ॲपचं कोडं सोपं आहे. निर्देशांक काढायची पद्धत देशागणिक वेगळी, त्यामुळे एकाच हवेला दोन आकडे. निर्देशांक सोडा, थेट मायक्रोग्रॅम बघा. दाट धुक्यात स्वस्त सेन्सर पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात, तेवढी सूट द्या.

आयोनायझर नको, त्यातले काही ओझोन सोडतात आणि दम्याला तो वाईट. साधा हेपा फिल्टर (बारीक कण गाळणारा) घ्या आणि सीएडीआर, म्हणजे यंत्र किती वेगाने स्वच्छ हवा देतं तो आकडा, खोलीच्या मापाशी जुळतो का बघा. एकच घेणार असाल तर मुलाच्या झोपायच्या खोलीत ठेवा. कोंदटपणा त्याने जाणार नाही, कारण हेपा कार्बन डायऑक्साइड पकडत नाही. दुपारी आकडा उतरला की रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या खिडक्या उघडा. रुमाल बांधून फारसा उपयोग नाही. एन९५ मास्कचा उपयोग तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. बाबांना तो लावून चालणं झेपेल का, तेही डॉक्टरांना विचारा. मुलाचा रोजचा इनहेलर बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. बाबांच्या पुढच्या तपासणीला मीच सोबत जाते. आता एकच अडचण उरली: मुलाच्या शाळेत खेळाचा तास सकाळी पहिलाच असतो आणि मैदान रस्त्यालगत. त्याला एकट्याला वर्गात बसवलेलं नको आहे, तासच पुढे ढकलला जावा असं वाटतं. शाळेकडून असा बदल कुणी करून घेतलाय का? पत्र पालकांनी मिळून द्यावं की डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी?