मुलीचा उजवा हात आखडतो : ताण किती आणि कसा द्यावा?

प्रश्न (आई, राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. माझी मुलगी ४ वर्षांची असून सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) तिच्या शरीराची उजवी बाजू ताठर आहे. कोपर वाकलेला राहतो, मूठ मिटलेली असते आणि अंगठा तळव्यात दुमडून जातो. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी रोज हात मोकळा करण्याचे व्यायाम सांगितले आहेत आणि रात्री बांधण्यासाठी स्प्लिंट (हात सरळ ठेवणारा आधार) दिला आहे. सासूबाई मोठ्या मायेने तेल लावून तिची बोटे ओढून सरळ करतात. परंतु बोटे ओढली की मूठ अधिकच घट्ट होते आणि ती रडू लागते. मूल रडले तरी ताण द्यावाच लागतो, असे नातेवाईक म्हणतात. हे बरोबर आहे का? डावा हात बांधून ठेवला तर ती उजवा वापरू लागेल, असाही सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ताराबाई पार्क)

रडेपर्यंत ताण देऊ नये. ताठर स्नायू झटक्याने ओढला की प्रतिक्षिप्त क्रियेने तो उलट आकुंचन पावतो. मूठ घट्ट होते ती त्यामुळे, मुलीच्या हट्टामुळे नव्हे. आधी तिचे मनगट तळव्याच्या बाजूला अलगद वाकवा. बोटे मिटवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटावरून जातात, त्यामुळे मनगट वाकले की त्या सैल पडतात आणि बोटे फारसा जोर न लावता उघडतात. अंगठा टोकाला धरून कधीही ओढू नका, कारण त्याने अंगठ्याचा सांधा मागे ताणला जाऊन ढिला होतो. बुडाचा मांसल भाग धरून तो तळव्याबाहेर आणा. मग बोटे उघडी ठेवूनच मनगट सावकाश सरळ करा आणि जिथे अडथळा जाणवेल तिथे थोडा वेळ थांबा. सासूबाईंचे तेल लावणे जरूर चालू राहू द्या, फक्त ही रीत त्यांना थेरपिस्टसमोर एकदा करून दाखवायला सांगा.

हाडे वाढतात त्या वेगाने ताठर स्नायू लांब होत नाहीत, म्हणून उंची झपाट्याने वाढते तेव्हा हात पुन्हा आखडल्यासारखा वाटतो. मात्र केवळ ताण आणि स्प्लिंट यांवर मिळालेला मोकळेपणा फार टिकत नाही. हात सैल झाला की लगेच त्याला काम द्या, आणि तेही दोन्ही हातांशिवाय होणार नाही असे : डब्याचे झाकण उघडणे, पिठाचा गोळा दोन्ही तळव्यांनी दाबणे, उजव्या हाताने कागद धरून डाव्याने रंगवणे. माझ्या मते व्यायामाइतकाच वेळ या कामांना मिळायला हवा.

डावा हात बांधू नका. चांगल्या हातात मऊ मोजा घालून दुसऱ्या हाताला खेळातून काम देण्याची मान्य पद्धत आहे. परंतु ती ठरावीक तास, ठरावीक आठवडे आणि थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करतात. हात बांधलेले मूल पडताना स्वतःला सावरू शकत नाही.

उत्तर (पालक, इचलकरंजी)

माझ्या मुलाला हाच त्रास आहे. स्प्लिंट काढल्यावर कातडीवर लालसर वळ दिसतो का, हे रोज पाहा. तो अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्यावा लागतो. प्लॅस्टिकचा असेल तर उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवू नका, त्याचा आकार बिघडतो. आमच्याकडे सर्वांत उपयोगी पडली ती माती. बेंदराच्या सुमारास कुंभारांकडून ओली माती आणून आम्ही मुलाबरोबर बैल करतो. वशिंड चिमटीत दाबून काढावे लागते आणि पाय वळायला दोन्ही तळवे लागतात, त्यामुळे तो आपण होऊन उजवी मूठ उघडतो.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांनी स्नायू सैल करणारे बोटॉक्सचे इंजेक्शन सुचवले आहे. ते दिल्यावर व्यायाम बंद करता येतील का?

उत्तर (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ताराबाई पार्क)

नाही, उलट तेव्हाच ते नेटाने करायचे असतात. इंजेक्शनचा परिणाम साधारणपणे तीन महिने टिकतो आणि तेवढ्या काळात सैल झालेल्या स्नायूला नव्या हालचाली शिकवायच्या असतात. त्यामुळे इंजेक्शनची तारीख घेण्याआधीच पुढच्या आठवड्यांतील थेरपीच्या वेळा ठरवून घ्या.

उत्तर (पालक, कागल)

खर्चाविषयी एक सांगतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) काढले नसेल तर ऑनलाइन अर्ज करून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. केंद्र सरकारच्या निरामय आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे; त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून नियमित थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. त्यासाठी थेरपीच्या पावत्या आतापासूनच जपून ठेवा.