जुना इलेक्ट्रिक गार्डन ट्रॅक्टर: फॉल्ट शोधायचा की सगळी वायरिंगच उपटायची?

तांब्याची_तार

सत्तरच्या दशकातला ३६ व्होल्टचा गार्डन ट्रॅक्टर आहे माझ्याकडे, सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये, आत कॉन्टॅक्टर (कॉइलमध्ये करंट गेला की ओढला जाणारा मोठा स्विच), रेझिस्टर आणि जाडजूड डीसी मोटार, इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं जवळपास काहीच नाही. गेले काही महिने सपाटीवर नीट चालायचा आणि चढ आला की मेन कॉन्टॅक्टर टकटकटक करत बसायचा, गाडी जागेवरच उचक्या द्यायची. ज्याला विचारावं तो दोनच गोष्टी सांगतो, एक म्हणजे बॅटऱ्या बदल, नाहीतर सगळं काढून टाक आणि नवा कंट्रोलर बसव. बॅटऱ्या मी बदलल्या. सहाच्या सहा. टकटक तशीच.

मग शांतपणे मीटर घेऊन बसलो. चावी ऑन, पेडल दाबलेलं, बॅटरीच्या दोन टोकांना ३६.८ व्होल्ट. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर २७.६. म्हणजे मधे ९.२ व्होल्ट कुठेतरी जिरतायत. कॉइलला जाणारी वायर चावीतून, ब्रेकच्या स्विचमधून, सीटखालच्या स्विचमधून फिरून येते, म्हणून एकेका स्विचच्या आणि कनेक्टरच्या आर-पार मीटर लावत गेलो. बाकी सगळे मिळून ०.७ आणि सीटखालच्या दोन पिनांच्या कनेक्टरवर एकट्यावर ८.५! कॉइल ७२ ओहमची आहे, म्हणजे करंट साधारण ०.३८ अँपिअर, त्याने भागलं तर त्या एका जोडात २२ ओहम बसलेत. बाहेरून पिन चकचकीत होती. वायर जरा ओढली तर क्रिम्पमधून (पिनेचं वायरवर दाबून बसवलेलं टोक) अलगद सुटून हातात आली, आतल्या तारा काळ्या पडलेल्या आणि प्रत्येकीवर हिरवट पावडर.

टकटकीचं कारण पण मग कळलं. कॉइलला आधीच जेमतेम व्होल्टेज, चढावर मोटारने करंट ओढला की बॅटरी अजून खाली येते, कॉइल सोडून देते, लोड गेला की बॅटरी वर येते, कॉइल परत ओढते, पुन्हा तेच. नवीन कनेक्टर टाकला, कॉइलवर ३६.१, आणि आता चढ सरळ चढतो.

माझं ठाम मत आहे की ह्या जुन्या गाड्यांमध्ये न मोजता पार्ट बदलणं चूक आणि सगळी वायरिंग उपटणं त्याहून मोठी चूक. तुमचं काय म्हणणं?

सरळ_वायर

असहमत, आणि अनुभवावरून असहमत. तुम्हाला एक कनेक्टर सापडला, छान, पण तो ज्या वर्षी बनला त्याच वर्षीचे बाकीचे जोड अजून गाडीत आहेतच ना? सगळ्यांनी तेवढंच ॲसिड हुंगलंय. आज हा गेला, पुढच्या महिन्यात चावीचा जाईल, मग फॉरवर्ड-रिव्हर्सचा, आणि दरवेळी तुम्ही मीटर घेऊन गुडघ्यावर. मी दोन सीझन हेच केलं आणि शेवटी सगळी कंट्रोलची वायरिंग काढून नवीन टिनवाली वायर, नवीन लग (केबलच्या टोकाला बसवायचे धातूचे कान), नवीन फ्यूज होल्डर टाकले. त्यानंतर एकदाही बंद पडला नाही. ५० वर्षं जुन्या इन्सुलेशनवर भरवसा ठेवून माणसाने गवत कापायला बसावं हे मला तरी पटत नाही.

तांब्याची_तार

@सरळ_वायर, पण मी बाकीचे जोड मोजले ना! सगळे मिळून ०.७ व्होल्ट. मीटर सांगतोय की हे चांगले आहेत, मग ते वयाने म्हातारे आहेत म्हणून काढायचे का? आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, तुम्ही वायरिंग बदललीत तेव्हा कुठल्यातरी एकाच जागी दोष असणार आणि तो तुमच्या हातून नकळत निघून गेला. नेमका काय होता ते तुम्हाला आजही माहीत नाही.

सरळ_वायर

माहीत नाही, मान्य. पण गाडी चालतेय. आणि तुमचे ०.७ हे आजचे ०.७ आहेत, कोरड्या दिवशी उभ्या गाडीवर घेतलेले. दमट हवेत, खडबडीत जमिनीवर हादरे बसत असताना किती होतात ते मोजलंय?

हिरवी_पावडर

दोघांच्या मधे बोलतोय, पण ती वायर काळी पडली होती त्याबद्दल कुणीच काही म्हणालं नाही. बॅटरीजवळच्या वायरीत ॲसिड इन्सुलेशनच्या आतून तारांच्या फटींतून वर चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. टोक कापून नवीन क्रिम्प मारला तर तो काळ्या तांब्यावर बसतो, आणि काळ्या तांब्यावर क्रिम्पही धरत नाही आणि सोल्डरही. इन्सुलेशन सोलत जा, तांबं लालसर चमकायला लागेपर्यंत. माझ्याकडे एकदा हातभर सोललं तरी काळंच, शेवटी ती वायर टोकापासून टोकापर्यंत बदलली. @तांब्याची_तार, तुम्ही किती कापलीत?

तांब्याची_तार

चार बोटं. तिथे स्वच्छ लागली. पण तुमचं बरोबर आहे, आत अजून काळं निघालं असतं तर ती एक वायर पूर्ण बदलायला माझा काहीच विरोध नव्हता. सगळा हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) काढायला विरोध आहे.

बीप_नको

मोजण्याच्या बाजूने अजून एक मत. पण लोक मोजतात कसं? मीटर बीपवर ठेवतात, दोन टोकांना लावतात, बीप आला की "वायर ओके". बऱ्याच मीटरांची बीप वीस-तीस ओहमपर्यंत वाजते, काहींची त्याहून वर. म्हणजे धागाकर्त्याचा तो २२ ओहमचा सडका जोड बीपने पास झाला असता! आणि मोटारच्या जाड केबलला तर बीप काहीच कामाची नाही. तिथे १०० अँपिअर जात असतील तर ०.०१ ओहम म्हणजे १ व्होल्ट गेला आणि १०० वॅट उष्णता त्या एका लगमध्ये तयार झाली, लग वितळायला एवढं पुरतं, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरवर दिसतच नाही. करंट वाहत असताना जोडाच्या आर-पार व्होल्टेज बघणं हाच खरा उपाय. एक प्रोब बॅटरीच्या खुंटावर, दुसरी त्यावर बसलेल्या लगवर. खुंट आणि लग वेगवेगळे धरायचे हं, दोन्ही प्रोब लगवरच टेकवल्या तर नेमका जो जोड बघायचाय तोच निसटतो.

भरलेली_बॅटरी

ते सगळं ठीक पण दहातले बहुतेक फॉल्ट बॅटरीचेच असतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच व्हायला पाहिजे. बॅटरी बदलून काही झालं नाही असं धागाकर्ते म्हणतात, पण बदलण्याआधी लोडवर एकेक मोजली होती का? उभ्या गाडीत सहाच्या सहा ६.३ दाखवतात आणि सगळे खूश होतात. कुणाला तरी चढावर चालवायला लावा, नाहीतर दाट गवतात ब्लेड चालू ठेवा, आणि तेव्हा प्रत्येकीवर मीटर लावा (हात चाकांपासून आणि ब्लेडपासून लांब, प्रोबला लांब वायरी जोडून). पाच जणी ६ च्या आसपास आणि एक ४.९ वर कोसळलेली दिसली की चोर सापडला. मागची चाकं जॅकवर उचलून टेस्ट करणारे पण बघितलेत, चाकं हवेत फिरताना मोटार फारसा करंटच घेत नाही, त्यातून काय कळणार.

तांब्याची_तार

नव्हती मोजली. तीच चूक, आणि म्हणूनच एवढं पोटतिडकीने लिहितोय. जुन्यातल्या निदान पाच तरी चांगल्या असणार.

पुढचा_गियर

मी सरळ_वायरच्याही पुढे जातो. कॉन्टॅक्टर आणि रेझिस्टर ही पद्धतच कालबाह्य आहे. कमी स्पीडला रेझिस्टरमध्ये बॅटरी जाळायची, दर स्टेपला झटका, दर वेळी कॉन्टॅक्टवर ठिणगी. पीडब्ल्यूएम कंट्रोलर (करंट झपाट्याने चालू-बंद करून स्पीड ठरवणारा) टाका, स्पीड लोण्यासारखी मिळते, कॉन्टॅक्टर एकच उरतो, फॉल्ट यायला जागाच उरत नाही. सोबत लिथियम टाका, सहा लेडच्या बॅटऱ्यांचं दीडशे किलोच्या वरचं ओझं जातं.

फील्ड_वाइंडिंग

@पुढचा_गियर, हा सल्ला असा मोघम देऊ नका, कळकळीने सांगतोय. ह्या ट्रॅक्टरांत मोटार कुठली आहे हे आधी बघावं लागतं. जनरल इलेक्ट्रिकने १९६९ च्या सुमारास एलेक-ट्रॅक काढला तेव्हापासून ह्या जातीच्या गाड्यांत वरचे स्पीड फील्ड (मोटारच्या स्थिर वाइंडिंगचं चुंबकत्व) कमजोर करून मिळवतात. आर्मेचरला (मोटारच्या फिरणाऱ्या भागाला) पूर्ण व्होल्टेज दिलं की पुढे फील्डचा करंट कमी करत जायचा, मोटार जोरात फिरते. आता तुम्ही दोन वायरींचा साधा कंट्रोलर आर्मेचरवर लावलात आणि फील्ड तसंच फुल्ल ठेवलंत तर वरचे स्पीड गेले. आणि फील्डची वायर सुटली किंवा जोडायची राहिली तर? शंट मोटारचं (फील्ड आर्मेचरला समांतर जोडलेली मोटार) फील्ड तुटलं आणि लोड हलका असला तर मोटार बेफाम वेग घेते, आर्मेचरचं वाइंडिंग बाहेर फेकलं जाईपर्यंत. चाक फिरत असताना फील्डची वायर सुटणं हा ह्या गाडीतला सगळ्यात वाईट फॉल्ट आहे, आणि तो बहुतेक वेळा कुणीतरी "सुधारणा" केल्यावर येतो.

दुसरं, उतारावर. शंट मोटार ठरलेल्या वेगापेक्षा जोरात ढकलली गेली की तीच जनरेटर होते आणि गाडीला मागे धरते. उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी सावकाश येते ती त्यामुळे. साधा स्वस्त कंट्रोलर हे करत नाही. पहिल्यांदा उतारावर गेल्यावर कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

पुढचा_गियर

म्हणून सेपेक्स कंट्रोलर असतात, आर्मेचर आणि फील्ड दोन्ही वेगळं सांभाळणारे, उतारावर करंट परत बॅटरीत घालणारे. मी तेच म्हणत होतो, नाव घ्यायला हवं होतं हे कबूल. पण फील्ड तुटायची भीती तर जुन्या वायरिंगमध्येही आहेच, उलट जास्त.

फील्ड_वाइंडिंग

सेपेक्सला माझा विरोध नाही. पण मग लिथियमच्या बीएमएसचंही (बॅटरी सांभाळणारं सर्किट) बघा. उतारावर परत आलेला करंट भरलेल्या बॅटरीने नाकारला आणि बीएमएसने लाइन तोडली की धरून ठेवणारा ब्रेक तिथेच संपला. आणि ते दीडशे किलो ओझं नाहीये, मागच्या चाकांची पकड आहे ती. काढलंत तर वजन दुसरं काहीतरी ठेवावंच लागेल.

बीप_नको

एलेक-ट्रॅकचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, त्याच्या मोठ्या मोवर डेकला तीन ब्लेडांना तीन वेगळ्या मोटारी आहेत. फॉल्ट शोधायला ह्यासारखी सोय नाही, दोन चांगल्या मोटारी तिसरीचं माप म्हणून तिथेच हजर. क्लॅम्प मीटर तिघींच्या वायरीला पाळीपाळीने लावा, एक जास्त करंट खात असेल तर बेअरिंग किंवा आर्मेचर, एक शून्य असेल तर ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारा कार्बनचा तुकडा) किंवा जोड. फक्त क्लॅम्प डीसीचा पाहिजे. नुसत्या एसीवाल्या क्लॅम्पवर डीसी करंट शून्यच दिसतो, आणि लोक मोटार मेली म्हणून उघडून बसतात.

हिरवी_पावडर

ब्रशांवरून आठवलं, कॉन्टॅक्टरचे चांदीचे कॉन्टॅक्ट काळे दिसले म्हणून एमरीच्या कागदाने घासू नका. त्या काळेपणातून करंट बऱ्यापैकी जातो, आणि एमरीचे कण चांदीत रुतून बसतात ते कायमचा त्रास देतात. खड्डा पडलाय, एका बाजूला टेंगूळ आलंय आणि आर-पार व्होल्टेज पण दाखवतोय, तरच हात लावा, तोही बारीक कानशीने.

आधी_चावी_काढा

इतके प्रतिसाद वाचले, एकानेही लिहिलं नाही म्हणून लिहितोय. सीटचा स्विच खराब निघाला की बरेच जण तिथे जंपर (स्विच वगळून थेट जोडणारी वायर) मारून मोकळे होतात. गाडी चालते म्हणून तो जंपर वर्षानुवर्षं राहतो. ही गाडी आवाज करत नाही! पेट्रोलचं इंजिन चालू आहे हे कानाला कळतं, हिचं ब्लेड कधी सुरू होईल हे बाजूच्याला कळतच नाही. जंपर फक्त शोधण्यापुरता, आणि मी तो हातभर लांब लाल वायरीचा ठेवतो, सीटवर लोंबकळेल असा, म्हणजे विसरून वर बसताच येत नाही. ब्लेडजवळ हात घालायचा तर चावी काढून भागत नाही, बॅटरीच्या लायनीतली मधली एक केबल सोडवून ठेवा. हातातली अंगठी, घड्याळ आधी काढा. ३६ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणतात, पण दोन खुंटांत पाना अडकला की तो लाल होतो, अंगठीचंही तेच होतं आणि ती बोटातून निघत नाही. चार्जिंग नुकतंच झालेलं असेल तर झाकण उघडून थोडा वेळ थांबा, हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी एका ठिणगीने पेट घेतो.

सरळ_वायर

+१ ह्याला. जंपरच्या बाबतीत तर शंभर टक्के.

@तांब्याची_तार, तुमचा प्रश्न डोक्यातून गेला नाही म्हणून आज शेडमध्ये जाऊन जुना काढलेला हार्नेस पेटीतून बाहेर काढला, फेकला नव्हता सुदैवाने. ७२ ओहम मिळाला नाही, हाताशी होता तेवढा रेझिस्टर लावून ३६ व्होल्ट दिले आणि एकेक जोड मोजला. चावीच्या मागच्या एका स्पेड टर्मिनलवर ६ व्होल्टच्या वर पडतायत. बाकी सगळे अर्ध्या व्होल्टच्या आत. म्हणजे तुम्ही म्हणालात तसा एकच होता, हे मान्य.

पण त्याच हार्नेसमध्ये रेझिस्टरजवळून जाणाऱ्या दोन वायरींचं इन्सुलेशन बोटाने वाकवलं तर बिस्किटासारखं तुटून पडलं, आत उघडं तांबं. व्होल्टेज ड्रॉपला ते कधीच दिसलं नसतं, जोड उत्तम होते. ते मोजणीत कसं पकडणार सांगा.

तांब्याची_तार

नाही पकडणार. माझ्या गाडीतल्या रेझिस्टरजवळच्या वायरी मी वाकवून बघितलेल्याच नाहीत. उद्या बॅटरीची केबल सोडून तिथपासून सुरुवात करतो, आणि तुटल्या तर त्या दोन बदलतो. दोनच.