आभार मानले नाहीत म्हणून श्रद्धा कच्ची?

तापीकाठची (शिरपूर)
आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर काल एक लांबलचक पोस्ट आली. सार असं: दुःख आलं की आधी देवाचे आभार मानावेत, कारण तो आपल्या माणसाचीच परीक्षा घेतो, रोज रात्री पाच उपकार वहीत लिहावेत, आणि ज्याला हे जमत नाही त्याची श्रद्धा कच्ची. खाली ढीगभर जोडलेले हात. तिथे सासरची मंडळी आहेत म्हणून गप्प बसले. इथे लिहिते.

माझे मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. पहिल्या श्रावणात घरात कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली नाही. दुसऱ्या वर्षी सासूबाई रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू काढायला बसल्या. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ काढायची. सासऱ्यांचं नाव घेतलं, सव्वा मूठ सुपात. मोठ्या दिरांचं घेतलं, सव्वा मूठ. मग सवयीने पुढची मूठ भरली गेली आणि नाव तोंडातून बाहेर आलंच नाही. मूठ तशीच धरून बसल्या. बोटांच्या फटीतून एकेक दाणा खाली पडत होता. शेवटी उरलेले गहू त्यांनी हळूच पोत्यात सोडले आणि माझ्या मुलाचं नाव घेतलं. त्या वेळी कोणी मला उपकारांची वही आणून दिली असती तर मी चुलीत घातली असती.

दिवा मी रोज लावते. एकादशी मोडलेली नाही. सासूबाई अहिराणीत म्हणतात, ‘मी दिवा लावस, पन उपकार मानत नही.’ या बाईची श्रद्धा कच्ची म्हणायची कोणाची छाती आहे?

माळकरी (यावल तालुका)
ताई, तुमच्या दुःखावर बोलायचा मला अधिकार नाही. पण त्या पोस्टमध्ये एवढं चुकलं काय? १६३० च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांची बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, धंदा बसला. तेच तुकोबा म्हणतात, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’. वारकरी हेच शिकत आला.

माझी केळीची चार हजार खोडं. घड भरलेले, आठ दिवसांत कटाई, व्यापारी बाग बघून गेलेला. जूनच्या वादळात अर्ध्या तासात बाग झोपली. अकराशे खोडं उभी राहिली. त्या संध्याकाळी मी हरिपाठ चुकवला नाही. त्या अकराशेंसाठी पांडुरंगाचे पाय धरले आणि रात्री मला झोप लागली. शेजारचा शेतकरी देवाला शिव्या घालत होता, तो आठ दिवस झोपला नाही. हा अनुभव आहे, ऐकीव नाही.

रोखठोक (पारोळा)
काका, झोप लागली ती अकराशे उभी होती म्हणून. एकही उरलं नसतं तर?

आणि माझा खरा राग वेगळाच आहे. पीक विमा हवा तर वादळाचं नुकसान ७२ तासांत कळवायचं. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, शेतात जायला रस्ता नाही. तापमानाचं तर त्याहून भारी: भरपाई ठरते महसूल मंडळातल्या हवामान यंत्रावर, आणि यंत्र तुमच्या बांधावर नसतं. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली त्या वर्षी आमच्या घरी एक महाराज येऊन ‘जे झालं ते चांगल्यासाठी’ सांगून गेले. वडिलांनी मान डोलावली आणि अर्ज करायचाच राहून गेला. आभार मानणारा माणूस भांडत नाही, हे सगळ्यांना सोयीचं पडतं.

माळकरी
मी अर्जही केला आणि हरिपाठही केला. दोन्हींना हात दोनच लागतात. तुमच्या वडिलांच्या अर्जाचं खापर पांडुरंगावर फोडू नका.

नवापूरकर
मी चर्चला जाणारा, त्यामुळे बोलू की नको असं झालं. पण आमच्याकडेही हाच वाद आहे. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’. ‘स्थितीत’ म्हणतो, ‘स्थितीबद्दल’ नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा एक जण प्रार्थनेला आले आणि म्हणाले, या आजाराबद्दल प्रभूला धन्यवाद दे. मी त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. आई जागी होती. तिने माझा हात धरला आणि स्वतःच प्रार्थना केली. आजाराबद्दल नाही, रात्रभर बसलेल्या नर्सबद्दल. तेवढं मला आजही पटतं.

पिंपळनेरची लेक
मुद्दा बाजूला जातोय हे कळतंय, तरी राहवत नाही. तापीकाठच्या ताईंनी मुठींचं लिहिलं आणि माझ्या पोटात कालवलं. मूठ फक्त पुरुषांच्या नावाची का? पुरण वाटतो आम्ही, गंगाफळ चिरतो आम्ही, नारळाला नथ घालून कानबाई सजवतो आम्ही. मला दोन मुली. आमच्या घरी फक्त सासरे आणि नवरा यांच्या नावाने गहू निघतात. धाकटी सात वर्षांची आहे. सुपाशेजारी बसून तिने विचारलं, ‘माझे गहू कुठेत?’ आधी याचं उत्तर द्या, मग कृतज्ञतेचं सांगा.

नाना (निवृत्त मास्तर, अमळनेर)
बाई, तो कुळाचार आहे. रोट भाऊबंदांचा असतो, मूठ कुळाची असते. मुलगी सासरी जाते, तिचं कुळ बदलतं. यात अपमान शोधू नये. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हे आनंदाने केलं.

पिंपळनेरची लेक
नाना, आनंदाने केलं हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांना विचारलं होतं? आणि कुळ बदलतं म्हणता, तर मी सासरी आल्यावर इथे माझी मूठ कुठे आहे? माहेरी नाही, सासरी नाही!

नाना
आवाज चढवून परंपरा बदलत नसते. आमच्या आईने चाळीस वर्षं रोट केले, एकदा तक्रार केली नाही.

रोखठोक
तेच ना! तक्रार केली नाही म्हणजे समाधान होतं, आभार मानले म्हणजे दुःख नव्हतं. ती पोस्ट आणि तुम्ही एकच बोलताय.

नाना
कृपा करून माझ्या आईला यात ओढू नका. मुक्ताई आपल्याच तापीकाठी, मेहूणला गुप्त झाली. आईबाप लहानपणीच गेलेले, समाजाने वाळीत टाकलेलं. ती काय म्हणाली? ‘विश्व रागें झालें वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी’. रागाला पाणी व्हा म्हणाली.

तापीकाठची
नाना, ते मुक्ताई कोणाला म्हणाली ते आठवा. ज्ञानोबा लोकांच्या बोलण्याने दुखावून आत ताटी लावून बसले होते. ती बाहेर उभी राहिली आणि ‘ताटी उघडा’ म्हणत राहिली. ती बहीण होती, तिची जखम तीच होती, म्हणून तिला शोभलं. ग्रुपवर पोस्ट टाकून तिने कोणाची श्रद्धा मोजली नाही.

आणि माळकरी काका, तुकोबांनी ‘माझे लेखीं देव मेला’ असंही म्हटलंय. ते अभंग तुमच्या भजनात का येत नाहीत? मला तुकोबांचं आभार मानणं पटतं, कारण ते आधी भांडलेत. सासूबाईही भांडतात. रोज दिवा लावताना काहीतरी पुटपुटतात; पहिल्यांदा मला वाटलं स्तोत्र आहे. जवळ गेले तर म्हणत होत्या, ‘मना (माझ्या) आधी त्याले का नेलं?’

नाना
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मुठीबद्दल माझं मत कायम आहे. नात घरात बसलेली असताना तिच्या हाताने गहू टाकायला मात्र कोणाचीच ना नसावी.

पिंपळनेरची लेक
हाताने नाही नाना, नावाने. पण चला, सुपापर्यंत तरी आलात.

माळकरी
दोन दिवस लिहिलं नाही. कारण सांगतो. हा धागा मी आमच्या घरात वाचून दाखवला. माझं वादळाचं वाचल्यावर आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत. मी विचारलं, त्या संध्याकाळी हरिपाठाला तू कुठे बसली होतीस? म्हणाल्या, ‘मी कुठे होते हरिपाठाला? बॅटरी घेऊन शेतात होते. खोडं मोजत होते.’

अकराशे हा आकडा मला त्यांनीच आणून दिला होता. पाय चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले होते, हे आता आठवतंय.

पोस्ट पूर्ण चुकीची आहे असं मी अजूनही म्हणणार नाही. ‘श्रद्धा कच्ची’ हे वाक्य काढायला मात्र मी उद्या ग्रुपवर सांगतो.